तळं उतरवलं तेव्हा

बेकरीच्या मागच्या खोलीत फिटर उताणा पडून सिंकखालचा पाइप आवळत होता, तेव्हा बेकरीवाल्याने वरून बातमी दिली की फिटरची बहीण सकाळच्या गाडीने गावात उतरली आहे. "गारठा परतला म्हणायचा," असं म्हणून तो स्वतःच हसला. फिटरच्या तोंडात वॉशर होता. अशा वेळी गप्प बसायला बरं कारण मिळतं.

गारठा हे तिचं घरातलं नाव. लहानपणी भर थंडीत ती खिडकी उघडून डोंगरावरचा बर्फ बघत बसायची आणि वारा घरभर फिरायचा. "गारठा आला, दारं लावा," असं भाऊ ओरडायचा. पुढे ती हिमनद्यांचाच अभ्यास करायला शहरात गेली, त्यातच नोकरीला लागली, आणि ते नाव तिला कायमचं चिकटलं. गावभर झालं. पण गावाच्या तोंडी ते प्रेमाने यायचं, ते दिवस सरले होते. त्याला कारण होतं.

गाव दरीच्या तळाशी, नदीच्या दोन्ही काठांवर वसलेलं. एका काठाला लाकडाची वखार, बेकरी आणि दुकानं, दुसऱ्या काठाला घरं, आणि शाळा तेवढी वर चढावर. नदीचं पाणी उन्हाळ्यात पांढुरकं व्हायचं, दूध सांडल्यासारखं. डोंगरावर हिमनदी खडकावरून घासत उतरते, त्या घासण्यात दगडाचं पीठ होतं, तेच पाण्यात मिसळून खाली येतं. हिमनदीच्या तोंडाशी एक तळं होतं, आणि ते दरवर्षी वाढत चाललं होतं. काही वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात पाऊस लागून राहिला, तळं काठोकाठ भरलं, आणि गारठाने नगराध्यक्षबाईंना फोन करून सांगितलं की तळं फुटू शकतं, खालची वस्ती रिकामी करा. लोक अंथरुणं, म्हातारी माणसं, कोंबड्या घेऊन शाळेत जाऊन राहिले. दोन रात्री गेल्या, तिसरा दिवस उजाडला. तळं फुटलं नाही. पाऊस थांबला, लोक खाली आले. बेकरीवाल्याचं पीठ भिजून गेलं होतं, कुणाची म्हातारी तापाने फणफणली होती. लांडगा आला रे आला, असं झालं. पोरांनी तर खेळच काढला: एकाने "तळं आलं" म्हणून ओरडायचं आणि बाकीच्यांनी जिना चढून पळायचं. शेवटचा राहील त्याच्यावर राज्य.

गारठाने तो खेळ एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. त्यानंतर ती गावात आली की आईला भेटायची आणि दुसऱ्या दिवशी निघायची.

या वेळी मात्र तिच्याबरोबर दोन मोठ्या बॅगा होत्या.

आईचं घर नदीला अगदी लागून होतं. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराला तीन पायऱ्या, आणि खाली पाणी. आई तिथेच बसून भाजी धुवायची, कपडे पिळायची, शेजारणीशी बोलायची. फिटर आणि त्याची बायको वरच्या मजल्यावर राहत. त्या दुपारी सगळे जेवायला एकत्र बसले. वहिनीने नणंदेला आग्रह करकरून वाढलं, आणि "वन्सं, या खेपेला मुक्काम दिसतोय," एवढंच विचारलं. गारठा म्हणाली की मुक्कामच आहे, आणि मग तिने येण्याचं कारण सांगितलं. तिला तळ्याचं पाणी कमी करायचं होतं. इशारे देऊन लोकांना पळवायचं तिच्या मनातही नव्हतं. वरून पाइप टाकून सायफनने पाणी हळूहळू बाहेर काढायचं, तळं काही मीटर उतरवायचं, म्हणजे टांगती तलवार तरी हटेल. तिच्या कार्यालयाने पाइप आणि यंत्रं मंजूर केली होती. पाइप जोडणारी माणसं मात्र इथलीच हवी होती, उंचीवरच्या हवेत ज्यांना दम लागत नाही अशी. आणि त्यांच्याकडून काम करून घेणारा एक जाणता माणूस.

सगळ्यांनी फिटरकडे पाहिलं. फिटर ताटाकडे पाहत होता.

तो म्हणाला की त्याच्या हातात शाळेच्या नळाचं काम आहे, वखारीच्या बॉयलरचं आहे, शिवाय तळं अडवून धरणारा वरचा तो दगडांचा बांध त्याने पोरपणी पाहिलेला आहे, घराएवढे धोंडे आहेत त्यात, तो कुठे जातोय. गारठाने वाद घातला नाही. तिने पाण्याचा घोट घेतला आणि वहिनीला भाजी कशी केली ते विचारलं.

जेवणं झाल्यावर आई मागच्या पायरीवर भांडी घासत होती. फिटर हात धुवायला आला, तेव्हा ती मान वर न करता म्हणाली, "तिला हसायला अख्खं गाव आहे. त्यात तुझी भर कशाला?"

"मी कुठे हसलो?"

"हसला नाहीस. पण लोक हसले तेव्हा तू कुठे होतास, तेही मी पाहिलंय."

फिटरने हात धुतले. मग आत जाऊन त्याने बहिणीला सांगितलं की उद्या तो वर येईल, पण फक्त बघायला.

*

वर जायला पूर्ण दिवस लागायचा. आधी झाडीतून, मग गवतावरून, आणि मग नुसत्या दगडधोंड्यांतून. फिटर पुढे चालत होता आणि मधून मधून थांबून बहिणीसाठी नव्हे तर बुटाची नाडी बांधण्यासाठी थांबल्याचं दाखवत होता. दोघांच्या बोलण्याला लहानपणचा सूर यायला वेळ लागला. तो आला तो भांडणातून. कुणी पाण्याची बाटली आणायची विसरलं, यावरून.

शेवटच्या चढावर पोचले आणि समोर हिमनदी उघडी पडली. फिटरने ती बऱ्याच वर्षांत पाहिली नव्हती. पूर्वी जिथे बर्फाचं तोंड होतं, तिथे आता हिरवट राखाडी पाण्याचं लांबलचक तळं होतं, आणि बर्फ तळ्याच्या पलीकडच्या टोकाला कड्यासारखा उभा होता. त्यावर उभ्या निळ्या भेगा होत्या. मधूनच कुठे तरी आत कडाडल्याचा आवाज यायचा आणि दरीभर घुमायचा.

"हा बर्फ एवढा होतो कुठून?" त्याने विचारलं. इतकी वर्षं त्याच्याखाली राहून हे त्याने कधी विचारलं नव्हतं.

गारठाने वरच्या शिखरांकडे बोट केलं. तिथे उन्हाळ्यातही सगळं हिम वितळत नाही, उरतं. त्यावर पुढच्या वर्षीचं पडतं, त्यावर त्याच्या पुढच्या वर्षीचं. खालचं हिम दाबलं जातं, भुसभुशीत असतं ते जाड मिठासारखं दाणेदार होतं, मधली हवा पिळून निघते, आणि शेवटी टणक निळसर बर्फ होतो. थर पुरेसा जाड झाला की त्याला स्वतःचं वजन पेलत नाही, आणि तो उताराकडे वाहायला लागतो.

"टणक म्हणतेस आणि वाहतो म्हणतेस."

"तुझं डांबर नाही का? हातोडा मारलास तर फुटतं. पण पिंप आडवं ठेवून विसरलास तर?"

फिटर हसला, कारण तो खरंच एकदा विसरला होता आणि वहिनीने पुढे महिनाभर अंगण खरवडलं होतं. त्याने पुढचं स्वतःच विचारायला सुरुवात केली. मग हे धोंडे कुणी आणले? बर्फानेच. हिमनदी चालताना दोन्ही बाजूंचे कडे ओरबाडते, तळ खरवडते, जे हाती लागेल ते उचलून पुढे नेते. त्यांची अख्खी दरी, तिचा तो पसरट तळ आणि सरळ उभ्या बाजू, हे सगळं याच बर्फाचं काम, तो खूप मोठा होता तेव्हाचं. आजीच्या लहानपणी त्याचं तोंड इथवर होतं. इथे त्याने पुढ्यातला सगळा राडारोडा ढकलून ढीग घातला, आणि मग वितळत मागे हटला. ढीग राहिला, मागच्या खळग्यात पाणी साठलं. बांध कुणी बांधला नव्हता. तो टाकून दिलेला कचरा होता.

"म्हणून तर घट्ट आहे," फिटर म्हणाला. "एवढ्या वर्षांत बसलाय चांगला."

गारठा त्याला बांधाच्या बाहेरच्या उतारावर घेऊन गेली. तिथे एका जागी जमीन बशीसारखी खचली होती. तिने कुदळीने वरचे दगड बाजूला केले, मग चिखल, मग पुन्हा दगड. "हात घाल," ती म्हणाली.

फिटरने गुडघ्यावर बसून कोपरापर्यंत हात आत घातला. बोटांना जे लागलं ते गुळगुळीत होतं, ओलं होतं, आणि इतकं थंड की त्याने हात झटकन मागे घेतला. मग पुन्हा घातला. चाचपत राहिला.

"केवढा आहे?"

"बांधाच्या आत जवळजवळ सगळा बर्फच. बर्फ मागे हटला तेव्हा त्याचा एक तुकडा ढिगाखाली गाडला गेला. वर दगडांचं पांघरूण होतं म्हणून टिकला. आता तोही वितळतोय."

फिटरच्या डोळ्यांसमोर आईच्या स्वयंपाकघराच्या तीन पायऱ्या आल्या असाव्यात. मग तो पँटला हात पुसत उठला, बांधावर चढला आणि त्याने तळ्याचं पाणी आणि बांधाचा माथा यांतलं अंतर डोळ्यांनी मोजलं. टाकीची भिंत कुजली की शहाणा माणूस भिंतीला लिंपत बसत नाही, आधी पाणी कमी करतो. एवढं तर त्याच्या धंद्यातल्या कच्च्या उमेदवारालाही कळतं.

"पाइप किती जाडीचे देणार आहेत तुझे लोक?" त्याने विचारलं.

*

गावाच्या सभेत बेकरीवाल्याने सगळ्यांच्या मनातलं विचारलं: मागच्या वेळेसारखंच झालं तर? नगराध्यक्षबाईंनी गारठाकडे पाहिलं. गारठा उठणार एवढ्यात फिटर उठला. त्याला सभेत बोलायची सवय नव्हती. तो एवढंच म्हणाला की बांधाच्या पोटात बर्फ आहे, आपण हात घालून पाहिलंय, आणि ज्याला खोटं वाटतं त्याने वर यावं, हात घालायला जागा करून देऊ. तिघंचौघं खरंच वर गेले. परत आले तेव्हा त्यांनी कामासाठी आपली नावं दिली.

घरी जाताना गारठा जरा घुश्शातच होती. म्हणाली, इतकी वर्षं मी मापं घेऊन सांगतेय ते कुणाला पटलं नाही, तुझा एक हात पटला. फिटर म्हणाला, तुझ्या मापांवाचून हात कुठे घालायचा ते मला जन्मात कळलं नसतं. तिने त्याच्या पिशवीतला पाना काढून स्वतःच्या खांद्यावर घेतला.

उन्हाळाभर काम चाललं. काळे प्लास्टिकचे पाइप खेचरांच्या पाठीवरून आणि माणसांच्या खांद्यांवरून वर गेले. तळ्याकाठी तंबू उभे राहिले. वहिनी सुरुवातीला चार दिवसांसाठी स्वयंपाक करायला म्हणून, नवऱ्याचे जुने बूट घालून आली आणि मग राहिलीच. तिच्या म्हणण्याप्रमाणे बहीणभावाला एका डोंगरावर एकटं सोडणं धोक्याचं होतं, डोंगराला.

सायफनची गंमत अशी की त्याला चालायला काही लागत नाही आणि थांबायला निमित्त पुरतं. पाइप पाण्याने पूर्ण भरायचा, दोन्ही तोंडं बंद ठेवायची, आणि मग एकदम उघडायची. बाहेरचं टोक तळ्यापेक्षा खाली असलं की पाणी बांधावरून चढून आपणहोऊन पलीकडे उतरत राहतं. पण सांध्यात केसाएवढी फट असली तरी ती हवा ओढते, आणि संपलं. फिटरने प्रत्येक सांधा स्वतः तापवून जोडला. कुणी घाई केली तर तो त्याच्याकडे नुसता बघायचा.

पहिला पाइप सुरू झाला तो दिवस सगळ्यांच्या लक्षात राहिला. झडप उघडली, पाइपातून गुरगुर झाली, आणि बांधाच्या बाहेरच्या बाजूला, खडकावर, पांढुरक्या पाण्याचा लोट सुटला. फिटरने टोपी काढून डोकं खाजवलं. गारठाने पाठ फिरवली. ती रडत होती असं वहिनीचं म्हणणं, वारा होता असं तिचं.

तळं उतरायला लागलं. काठावर ओला राखाडी पट्टा उघडा पडला, तो रुंद होत गेला. आणि मग एके दिवशी सगळे पाइप एकामागून एक बंद पडले.

सांधे तपासले, सगळे ठीक होते. कारण दुसरंच होतं. पाणी जसं खाली जात होतं, तसं त्याला बांधाच्या माथ्यापर्यंत जास्त चढावं लागत होतं, आणि उंचीवरच्या विरळ हवेत सायफन फार चढवू शकत नाही. हे दोघांनाही आधीपासून ठाऊक होतं. इतक्या लवकर ही वेळ येईल असं मात्र वाटलं नव्हतं. फिटरचं म्हणणं, माथ्यावर चर खणू आणि पाइप खाली बसवू. गारठाने साफ नाही म्हटलं. चर खणला तर बर्फावरचं पांघरूण जाईल, ऊन लागेल, पाणी आपल्याच चरातून वाट काढेल. जे टाळायला आलो तेच आपल्या हाताने होईल.

"मग काय, हात जोडून बसायचं?"

"एक दिवस दे मला."

"एक दिवस, एक दिवस. तू काय फक्त नाही म्हणायला आली आहेस इथे?"

गारठाने कुदळ उचलली आणि ती बांधाच्या दूरच्या टोकाकडे निघून गेली, जिथे ढिगारा डोंगराच्या कडेला टेकत होता. वहिनीने नवऱ्याच्या हातात चहाचा कप दिला. मग अजून एक कप दिला आणि म्हणाली की हा तुमचा नाही. फिटर दोन्ही कप घेऊन बहिणीच्या मागे गेला.

ती तिथे पालथी पडून एक खडक पाहत होती. तळं उतरल्यावर तो नव्याने उघडा पडला होता, घासून गुळगुळीत झालेला. त्यावर लांब, सरळ, एकमेकांना समांतर चरे होते, जणू कुणी खिळ्यांच्या ब्रशने एकाच दिशेने ओढलं आहे. बर्फाच्या पोटात अडकलेले दगड खडकावरून फरफटत जातात, त्यांच्या त्या खुणा होत्या.

"हे बघ," ती म्हणाली. "चरे दरीच्या दिशेने आहेत. म्हणजे हा खडक इथलाच आहे, जागचा. वाहून आलेला असता तर कसाही कलंडून पडला असता, आणि चरेही मग कुठल्याही दिशेने गेले असते."

फिटरने तिला कप दिला आणि वाकून पाहिलं. मग तो पुढे गेला, थोडं वर, जिथे खडक रेती-गोट्यांखाली दिसेनासा होत होता. बुटाने गोटे सारले. खाली पुन्हा गुळगुळीत खडक, पुन्हा चरे. दिशा तीच. तो आणखी पुढे गेला. तिथेही तीच. तो ओरडून दिशा सांगायचा आणि ती होकायंत्रावर पडताळायची. दुपार होईतो त्यांना कळून चुकलं की ढिगारा आणि डोंगर यांच्या मधल्या या खोलगट पट्ट्यात खाली बर्फ नाही, अखंड खडक आहे. वरच्या रेती-गोट्यांचा थर काढला की पाइपला हवी तेवढी खालची वाट मिळणार होती, आणि बांधाला धक्काही लागणार नव्हता.

त्या संध्याकाळी गारठाने भावाच्या ताटात स्वतःहून जास्तीची पोळी टाकली. माफी मागायची त्यांच्या घरात हीच पद्धत होती. फिटरने ती अर्धी मोडून तिला परत दिली.

*

चर खणून झाला, पाइप तिकडे हलवले, आणि तळं पुन्हा उतरायला लागलं. उन्हाळा सरत आला होता. खालून येणारी माणसं सांगायची की नदीला पाणी थोडं जास्त आहे, पण काठाच्या आत आहे, आणि आई पायरीवर बसून शेजारणींना सांगते की हे पाणी माझ्या पोरांनी पाठवलंय.

ती दुपार शांत होती. फिटर एका झडपेवर वाकलेला होता. पलीकडून आवाज आला, नेहमीच्या कडकडाटापेक्षा जाड आणि लांबलेला. त्याने मान वर केली, तेव्हा बर्फाच्या कड्याचा पुढचा अख्खा भाग सुटून सावकाश पाण्याकडे झुकत होता. सावकाश, असंच त्याला दिसलं. मग तो पाण्यात कोसळला आणि तळ्याचा पृष्ठभाग उचलला गेला.

"वर!" गारठा ओरडली. सगळे कडेच्या खडकावर चढले. तिने वायरलेसवर नगराध्यक्षबाईंना गाठलं आणि सांगितलं की लाट येते आहे, बांध धरेल असं वाटतंय, पण लोकांना शाळेत न्या. हे सांगताना तिचा आवाज स्थिर होता. मागच्या वेळचं तिला आठवलं नसेल असं नाही. तरी तिने सांगितलं.

लाट तळ्याच्या लांबीभर धावत आली. नव्याने उघड्या पडलेल्या राखाडी काठावर ती चढली, चढतच गेली, हिमखंडांचे तुकडे दगडांवर आपटत. दोन पाइप तिने काडीसारखे उपटले. फिटर बांधाच्या माथ्याकडे बघत होता. पाणी माथ्याखाली माणसाच्या उंचीइतकं अंतर उरेपर्यंत चढलं, तिथे थबकलं, आणि फेसाळत मागे फिरलं. मग दुसरी लाट आली, लहान. मग तिसरी. मग तळं नुसतं डुलत राहिलं.

वहिनी सगळी माणसं मोजू लागली. गारठाने चरचरणारा वायरलेस छातीशी धरला होता. सगळ्यांनाच दिसत होतं की उन्हाळ्याच्या सुरुवातीला पाणी जिथे होतं, तिथे आजही असतं, तर ही लाट बांधावरून सरळ पलीकडे गेली असती आणि जाताना बांध घेऊन गेली असती.

ती आणि फिटर बांधाची पाहणी करून आले. नवी भेग नव्हती, बाहेरच्या बाजूला पाझर वाढला नव्हता. तेव्हा कुठे तिने खाली कळवलं की आता घरी जायला हरकत नाही. पलीकडून नगराध्यक्षबाई म्हणाल्या की लोक शाळेच्या पटांगणात आहेत, सगळेच्या सगळे, आणि बेकरीवाला पावाच्या टोपल्या घेऊन आलाय. म्हणतो, पळायचंच तर उपाशी कशाला.

"हसताहेत का?" गारठाने विचारलं.

"हसताहेत," बाई म्हणाल्या. "पण तुला नाही गं. बोल त्याच्याशी."

मग बेकरीवाल्याचा आवाज आला. त्याने विचारलं की सगळे धडधाकट आहेत ना, आणि फिटरला सांगा की सिंक पुन्हा गळतंय, पण सावकाश आला तरी चालेल. आणि जरा थांबून तो म्हणाला, "ताई, पुढच्या वेळीही सांगा. आम्ही येऊ."

तिने बटण नुसतंच दाबून ठेवलं होतं. फिटरनेच तिच्या हातातून वायरलेस घेतला आणि बेकरीवाल्याला सांगितलं की वॉशर नवा घालायला तेव्हाच सांगितलं होतं.

*

पुढच्या वर्षी त्याच खडकात कायमचा कालवा कोरायचं काम सुरू झालं, तोंडाशी लोखंडी दार असलेला, म्हणजे तळं हवं तेवढंच राहील. ती वेगळी गोष्ट आहे, आणि तिच्यात भांडणं जास्त आहेत. बर्फ अजून मागे हटतो आहे. तो थांबवणं त्या दोघांच्या हातात नव्हतं, आणि गारठाने तसं कुणाला कधी भासवलंही नाही. ती म्हणायची, हिमनदी जे सोडून जाते त्याच्याशी नीट वागणं एवढं तरी जमायला हवं.

काम चालू असतानाच डोंगरापलीकडच्या दरीतून एक शिक्षिका आली. उंच, अबोल बाई. त्यांच्याही गावावर असंच एक तळं साठत होतं, आणि त्यांच्या गावात कुणाला सायफन माहीत नव्हता. तिने येताना तळ्याचे फोटो आणले होते. गारठाने ते जेवणाच्या टेबलावर पसरले आणि फिटरने हात पुसून एकेक उचलला. आईही चष्मा लावून बघायला आली.

"किती खोल आहे?" फिटरने विचारलं.

शिक्षिका म्हणाली की कुणी मोजलेलं नाही.

बहीणभावाने एकमेकांकडे पाहिलं. वहिनी उठली आणि माळ्यावरून दोघांच्या दोन्ही पिशव्या काढायला स्टूल घेऊन गेली. मग तिथूनच तिने विचारलं की तिसरी पिशवी कुठे ठेवलीय, कारण या वेळी ती पहिल्या दिवसापासून येणार आहे, आणि बूटही स्वतःच्या मापाचे घेणार आहे.